खुर्चीत प्रभारी, कारण गोपनीय

लॉस एंजलिस काउंटीच्या सुपरवायझर मंडळातल्या पाचही बाईंना,



जुलै २०२५ च्या अखेरीस टेंपल स्ट्रीटवरच्या मुख्यालयात दार लावून घेऊन तुम्ही काउंटीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना वीस लाख डॉलर द्यायला मंजुरी दिलीत. ऑगस्टमध्ये करार झाला. आम्हाला ते कळलं ऑक्टोबरमध्ये, तेही तुमच्याकडून नाही. एलएइस्ट या स्थानिक वृत्तसंस्थेने तो करार शोधून बातमी दिली, तेव्हा कळलं. त्याच महिन्यात त्या अधिकारी रजेवर गेल्या आणि खुर्चीत प्रभारी बसले.

पैसे कशाचे? नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही मतदारांनी ‘मेझर जी’ हा प्रस्ताव मंजूर केला, त्याचे. काउंटीचा मुख्य कार्यकारी २०२८ मध्ये थेट लोकांनी निवडायचा, असं त्या प्रस्तावाने ठरलं. त्यामुळे आपल्या प्रतिष्ठेला धक्का बसला, मानसिक आणि शारीरिक त्रास झाला, असा त्यांचा दावा होता. म्हणजे मतदारांनी एक पद निवडणुकीच्या कक्षेत आणलं आणि त्याची भरपाई मतदारांच्याच खिशातून काढली गेली. त्यांच्यावर माझा राग नाही. दावा कुणीही कर्मचारी लावू शकतो. दावा ऐकून, वकिलांचं मत घेऊन, आत बसून होकार दिला तो तुम्ही. म्हणून पत्र तुम्हाला आहे.

ते मराठीत आहे, कारण सेरिटोस-आर्टेशियापासून डायमंड बारपर्यंत राहणाऱ्या आमच्या मराठी मंडळींना काउंटी म्हणजे घरपट्टीचं बिल आणि मुलांचं वाचनालय एवढंच वाटतं. मागे महाराष्ट्रात राहिलेल्यांना तर काउंटी म्हणजे काय, हेही सांगावं लागतं. आपल्या जिल्हा परिषदेसारखीच ही जिल्ह्याची सत्ता. पण तुरुंग, सार्वजनिक रुग्णालयं, अनाथ मुलं, बालसुधारगृहं, मतदार याद्या सगळं तिच्याकडे. शिवाय जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य सरकार पाठवतं, इथे तो तुम्ही नेमता, तुम्हीच काढता आणि तुम्हीच त्याच्याशी तडजोड करता. एक कोटीच्या आसपास लोक, एक लाखाहून जास्त कर्मचारी, आणि वर फक्त पाच जणी. तुमच्या आधीच्या मंडळांना लोक ‘पाच छोटे राजे’ म्हणायचे. २०२० च्या शेवटी मंडळावर पहिल्यांदा पाचही बायका आल्या, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. राजे गेले, आता उंबऱ्याबाहेर येऊन बोलणाऱ्या बायका आल्या, असं वाटलं होतं. तुम्ही राजांच्याच खोलीत जाऊन बसलात आणि कडी आतून लावलीत.

कडी कायद्याने लावता येते, हे मला ठाऊक आहे. कॅलिफोर्नियाचा ब्राउन कायदा १९५३ चा. त्याआधी सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलच्या एका बातमीदाराने लेखमाला लिहून दाखवलं होतं, की गावोगावच्या स्थानिक सभा चोरून भरतात. त्यातून हा कायदा आला: सभा उघड्यावर घ्या, विषय आधी जाहीर करा, लोकांना बोलू द्या. त्यात बंद दाराची सवलत ठेवली ती मोजक्या कामांसाठी. उदाहरणार्थ, कुणाची नेमणूक किंवा बडतर्फी, आणि चालू किंवा येऊ घातलेला खटला. तेही समजण्यासारखं आहे. समोरच्या पक्षकाराला आपल्या वकिलाचा डाव कुणी दाखवत नाही, आणि एखाद्या कर्मचाऱ्याची अब्रू भर सभेत काढू नये. पण तुम्ही या दोन सवलती एकमेकींना जोडून कायमचा आडोसा बांधलात. अधिकारी गेला तर ती नेमणुकीची बाब, म्हणून गोपनीय. का गेला, तर ती वकिलांची बाब, म्हणून गोपनीय. त्याच्या जागी आलेला प्रभारी, म्हणून त्याला जुनं काही विचारायचं नाही. मग विचारायचं कुणाला?

प्रभारी नेमण्याची तुमच्याकडची रीत ठरलेली आहे. प्रमुख निघाला की हाताखालचा उपप्रमुख वर बसवायचा, किंवा निवृत्त झालेला कुणी बोलावून आणायचा. निवृत्ताला वर्षाला ९६० तासांची मर्यादा, म्हणजे तो येतो तोच घड्याळाकडे बघत. मग कायमच्या माणसाच्या शोधासाठी कंपनी नेमायची, तिला देशभर शोध घ्यायला सांगायचं, आणि काही महिने काढायचे. राज्याच्या कायद्याने एवढं तरी केलं आहे, की मोठ्या अधिकाऱ्याचा पगार आणि भत्ते मंजूर करण्याआधी त्याचा सारांश भर सभेत तोंडी सांगावा लागतो. येणाऱ्याचा पगार तुम्ही आम्हाला वाचून दाखवता. आधीच्याला काय दिलं आणि कशासाठी, हे मात्र बातमीदाराने उकरून काढावं लागतं.

हंगामी माणूस नेमणं हाच गुन्हा, असं मी म्हणत नाही. जानेवारी २०१४ मध्ये शेरीफ ली बाका यांनी तुरुंगातल्या मारहाणीच्या चौकशीच्या सावलीत पद सोडलं, तेव्हा त्या वेळच्या मंडळाने शेजारच्या ऑरेंज काउंटीतून जॉन स्कॉट यांना बोलावलं. काम ठरलेलं, मुदत ठरलेली: निवडणूक होऊन नवा शेरीफ येईपर्यंत. ते आले, मुदत संपली, गेले. हंगामी नेमणूक अशी असते.

आता बालसुधारगृहं चालवणाऱ्या तुमच्या प्रोबेशन खात्याकडे बघा. मार्च २०२३ मध्ये तुम्ही खात्याच्या प्रमुखाला काढलंत आणि हंगामी कारभार सुरू केलात. मे महिन्यात सिल्मारच्या बालसुधारगृहात अठरा वर्षांचा एक मुलगा अमली पदार्थाच्या अतिसेवनाने मेला. त्याच महिन्यात राज्याच्या मंडळाने तुमची दोन सुधारगृहं मुलांना ठेवायला अयोग्य ठरवली. मुलं उचलून तुम्ही डाउनीच्या लॉस पाड्रिनोस या बंद पडलेल्या इमारतीत नेलीत. जुलै ते डिसेंबर २०२३ या काळात तिथे मुलांच्या ६९ मारामाऱ्या झाल्या, १४३ मुलं त्यांत ओढली गेली, आणि अधिकाऱ्यांनीच त्या होऊ दिल्या किंवा लावून दिल्या, असा आरोप ठेवून मार्च २०२५ मध्ये तीस अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल झालं. त्यांतली सर्वांत लहान मुलं बारा वर्षांची होती. बारा! जुलै २०२५ मध्ये राज्याचे महाधिवक्ता न्यायालयात गेले आणि म्हणाले, ही सुधारगृहं यांच्या हातून काढून घ्या, न्यायालयाचा प्रशासक नेमा.

हंगामी प्रमुखांमुळे हे घडलं, असा माझा आरोप नाही. खातं त्याच्या आधी कित्येक वर्षं सडत होतं. पण भाड्याच्या घरात राहणारा भिंतीची ओल काढत नाही, तो आपलं सामान तेवढं भिंतीपासून लांब सरकवतो. माणसं बदलत राहिलात, की प्रत्येकाला हेच करावंसं वाटतं. मालक तुम्ही होतात. ओल तुमची होती.

आता वकिलांकडे येते. काउंटीचं स्वतःचं वकील कार्यालय आहे, त्याची प्रमुख तुम्ही नेमता, आणि त्याखेरीज बाहेरच्या खासगी फर्म कामाला लावता. त्या फर्मना किती दिलं, हे विचारण्याची किंमत काय असते हे एसीएलयू या नागरी हक्क संघटनेला विचारा. तुरुंगातल्या मारहाणीच्या खटल्यांत बाहेरच्या वकिलांची बिलं किती झाली, एवढाच प्रश्न त्यांनी २०१३ मध्ये केला. तेव्हाचं मंडळ त्यावर थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलं. वकिलांची बिलं लपवायला आणखी वकील! डिसेंबर २०१६ मध्ये चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल लागला: चालू खटल्याची बिलं दाखवायची सक्ती नाही, पण निकाली निघालेल्या खटल्यांत एकूण किती खर्च झाला, हे सरसकट लपवता येईलच असं नाही. तेवढ्या फटीतून आम्हाला आत बघता येतं. ती फट तुम्ही स्वतःहून रुंद केली असती, तर माझी निम्मी तक्रार संपली असती.

आणि एवढ्या वकिलांनी तुम्हाला काय दिलं? २०२० मध्ये ५७ टक्के मतदारांनी ‘मेझर जे’ मंजूर केला होता. काउंटीच्या स्वतःच्या मोकळ्या निधीतला किमान दहा टक्के हिस्सा तुरुंगाऐवजी घरं, मानसिक उपचार, तरुणांना रोजगार यांवर खर्च करायचा. त्यासाठी लोक दारोदार फिरले होते. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरचे ते महिने होते. आमच्या इथली कॉलेजात जाणारी मुलं पत्रकं वाटत होती. मतदारांचा तो निर्णय काउंटीच्या सनदेत नोंदवायचा राहून गेला. चार वर्षांनी ‘मेझर जी’चा मसुदा झाला तो त्या अपुऱ्या सनदेवर, आणि तो मंजूर होताच २०२८ पासून ‘मेझर जे’ पुसला जाणार असं ठरून गेलं. एकाही मतदाराला हे सांगितलं गेलं नव्हतं. ही चूक तुमच्या कुठल्या वकिलाने पकडली नाही. डुआर्टे गावाच्या एका माजी नगरसेवकाने मजकूर स्वतः वाचला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ती उघड झाली. मग तिला प्रशासकीय नजरचूक असं नाव मिळालं, आणि ती कशी निस्तरायची याचा सल्ला तुम्ही मागितलात तुमच्याच वकिलांकडे.

बाईंनो, यात लाज वाटण्यासारखं काही आहे, असं तुमच्यापैकी एकीला तरी वाटलं का? मसुदा वाचणं हे वकिलाचं काम, आणि वकिलाने वाचलं की नाही हे बघणं तुमचं. ‘मेझर जी’ला तुमच्यापैकी सगळ्यांचा पाठिंबा नव्हता, हे खरं. पण तो मतपत्रिकेवर आला तुमच्या मंडळाच्या दारातून.

एप्रिल २०२५ च्या शेवटी तुम्ही चार अब्ज डॉलरची तडजोड मंजूर केलीत. मॅकलारेन बालगृहात आणि इतरत्र काउंटीच्या ताब्यात असताना लैंगिक अत्याचार सोसलेल्या सहा हजारांहून अधिक लोकांचे ते दावे. खऱ्या पीडितांना ते पैसे मिळायलाच हवेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच दिवसांत काउंटीचे ५५ हजार कर्मचारी दोन दिवसांच्या संपावर होते, कारण त्यांच्यासाठी तिजोरीत काही नव्हतं. तीनच महिन्यांनी त्याच तिजोरीत एका पदाच्या मनस्तापासाठी वीस लाख सापडले.

अल्टाडीनाचं नाव घेतल्याशिवाय मला हे पत्र संपवता येत नाही. तिथे महापौर नाही, नगरपालिका नाही, तुमच्याशिवाय दुसरी स्थानिक सत्ताच नाही. ७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी ईटन आग लागली. लेक ॲव्हेन्यूच्या पूर्वेला घरं सोडण्याचे आदेश गेले. पश्चिमेला ते पहाटे तीन वाजून गेल्यावर पोचले, आणि मेलेल्यांपैकी जवळजवळ सगळे पश्चिमेचे. दीड डझनाहून अधिक माणसं, त्यांत म्हातारी आणि अंथरुणाला खिळलेली कितीतरी. सप्टेंबरमध्ये बाहेरच्या सल्लागारांचा अहवाल आला. त्यात जुनाट नियम, अपुरी माणसं, आणि आदेश नेमका कुणी द्यायचा याबद्दलची अस्पष्टता सापडली. दोषी मात्र कुणी एक सापडला नाही. आदेश कुणी द्यायचा हेच ठाऊक नसलेलं घर तुम्ही चालवत होतात, आणि त्याच वर्षी तुमच्या बंद खोलीत कुणाला काय द्यायचं, हे मात्र अगदी स्पष्ट होतं.

मुंबईत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती होती. तिथल्या माझ्या नातेवाइकांना खड्ड्यापासून कचऱ्यापर्यंत कुठल्याच गोष्टीसाठी जाब विचारायला नगरसेवक नव्हता. आम्ही इथे निवडून दिलेल्या पाच जणी आहेत, मंगळवारी सभेला बसतात, आणि तरी आमची अवस्था त्यांच्यासारखी व्हावी, याला कारण फक्त तुम्ही आहात.

तर आता हे करा. त्या वीस लाखांवर वकिलांनी दिलेला सल्ला खुला करा. अशिलाला आपली गोपनीयता सोडता येते, आणि इथे अशील तुम्ही आहात, तुमचा वकील नाही. निकाली निघालेल्या प्रत्येक खटल्यात बाहेरच्या फर्मना एकूण किती दिलं, ते खात्यानिहाय छापा. यापुढे प्रभारी नेमाल त्या दिवशीच त्याची शेवटची तारीख आणि त्याने काय निस्तरायचं आहे, हे सभेत मोठ्याने वाचा. आणि ‘मेझर जे’ पुन्हा सनदेत घालणारा मजकूर मतदारांपुढे ठेवण्याआधी महिनाभर लोकांना वाचायला द्या. तुमच्यापेक्षा लोक नीट वाचतात, हे डुआर्टेच्या त्या गृहस्थांनी दाखवलं आहे.

मंगळवारच्या सभेत जनतेला बोलायला जेमतेम मिनिटभर मिळतं. तेवढ्यात हे सगळं बसणार नाही, म्हणून आधी लिहून पाठवते आहे. त्या मिनिटात मी फक्त वीस लाखांचं कारण विचारणार आहे. उत्तर माइकवर द्या, वकिलामार्फत नको.

आपली,
तुमच्या काउंटीतली एक मतदार