अनशापोटी घ्यायची पानं

आपल्याकडे एकाने शिंकावं आणि चौघांनी औषध सांगावं, अशी रीत आहे. एक म्हणतो काढा, दुसरा म्हणतो वाफ, आणि तिसऱ्याच्या मेव्हण्याला नेमकं हेच झालेलं असतं. टांझानियातल्या महाले डोंगरातल्या चिंपांझींना ही सोय नाही. तिथे ज्याचं दुखतं त्यानेच पाला शोधायचा.

१९८७ साली तिथली चाउसिकू नावाची मादी मलूल होऊन पडली होती. खाण्यावर वासना नाही, नुसती झोप. मग ती उठली, एका झुडपाचा कोंब मोडला, साल सोलून टाकली, आतला गाभा चावून रस चोखला आणि चोथा थुंकला. रस कडूजहर! पाडव्याला कडुनिंबाच्या चार पानांसाठी आपल्याला गूळ लागतो; बाईंनी तोंडही वाकडं केलं नसावं. पाहणारे दोघे होते, संशोधक मायकेल हफमन आणि त्यांचे टोंग्वे जमातीतले सहकारी मोहमेदी सेइफू कलुंडे. कलुंडेंनी झुडूप लगेच ओळखलं, कारण पोटदुखीवर त्यांच्या घरीही तेच चालायचं. दुसऱ्या दिवशी चाउसिकू हिंडू-फिरू लागली. त्या झुडपाची पानं आणि साल जास्त विषारी असते म्हणे, म्हणून ती सोलायची. हे पथ्य तिला कुणी लिहून दिलं होतं?

दुसरा उपचार जंतांवरचा. खरखरीत, लवदार पानं सकाळी अनशापोटी घ्यायची. एकेक पान जिभेवर विड्यासारखं दुमडायचं आणि न चावता गिळायचं. पचत नाही तेच बरं. काही तासांत ते आतडी ढवळून, जंतांना सोबत घेऊन जसंच्या तसं बाहेर पडतं.

आपली सल्ल्याची हौस मात्र एवढी दांडगी, की मुंगसालाही आपण सोडलं नाही. नागाशी झुंजून ते मुंगूसवेल खातं, असं छातीठोक सांगतात. वास्तविक नागाचं विष त्याच्या स्नायूंतल्या ग्राहींना नीट चिकटतच नाही. पण बिनऔषधाचं बरं झालेलं आपल्याला बघवत नाही.

कलुंडेंच्या आजोबांची तऱ्हा उलटी. आजारी साळिंदर एक मूळ उकरून खातं आणि बरं होतं, हे त्यांनी पाहिलं. गावात तशीच साथ आली तेव्हा त्यांनी ते मूळ सुचवलं. पण झाड विषारी म्हणून ठाऊक, आणि शिफारस साळिंदराची! कुणी हात लावेना. शेवटी आजोबांनी ते सगळ्यांदेखत स्वतः घेतलं, तेव्हा कुठे गावाने तोंड उघडलं.