गाडीचा चातुर्मास

स्पोर्ट्‌स कार ही धावण्यासाठी बनवलेली आणि बहुतेक आयुष्य उभ्यानं काढणारी वस्तू आहे. लोणावळा, खंडाळा, तुंगार्ली आणि पवना धरणाच्या काठच्या बंगल्यांमध्ये तिचं हे उभं राहणं हंगामी असतं. जूनमध्ये पावसानं फळी धरली की ती शेडमध्ये जाते, तिच्यावर खोळ चढते आणि दसऱ्यापर्यंत तिचं कुणी नाव काढत नाही. कारणं उघड आहेत. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. गाडीचं पोट रस्त्यापासून जेमतेम चार-पाच बोटं वर असल्यामुळे प्रत्येक गतिरोधक तिला कळसूबाई वाटतो. शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर भाजलेलं कणीस खात पायी निघालेला माणूस तिच्या आधी पोचतो. द्रुतगती मार्गावर सपाटीलाही ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, त्यामुळे तिथं जाऊनही तिचा दुसरा गिअर जेमतेम गरम होतो.

या चार महिन्यांत इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, टायर असे सगळे रजेवर असतात. कामावर एकटी बॅटरी. अलार्म चोराची चाहूल घेत बसतो. दाराचं कुलूप किल्लीच्या संदेशाची वाट पाहत असतं आणि किल्ली मुंबईत कपाटाच्या खणात पडलेली असते. घड्याळ चालू असतं. निरनिराळे संगणक आपापल्या आठवणी जपत असतात. या सगळ्यांचा मिळून खर्च साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. आकडा इतका किरकोळ, की मालक तो ऐकून हसतो.

हसू ओसरावं म्हणून हिशेब मांडून दाखवावा लागतो. ५० मिलिअँपिअरनं चोवीस तासांत १.२ अँपिअर-तास वीज जाते. बॅटरी ६० अँपिअर-तासांची धरली तर पंचवीस दिवसांत ती निम्मी होते. म्हणजे अधिक मास नसेल, तर वटपौर्णिमेला उभी केलेली गाडी आषाढी एकादशीला निम्मी आणि नागपंचमीला पूर्ण उपाशी. तक्रार करायला गाडी नागपंचमीपर्यंत थांबते असंही नाही. बॅटरी निम्म्याखाली गेली की सेल्फ फिरायला कुरकुर करतो आणि डॅशबोर्डवर न विचारलेल्या तक्रारी उमटू लागतात. दसऱ्याला मालक झेंडूचा हार घेऊन येतो तेव्हा बटण दाबल्यावर फक्त टक्‌टक् ऐकू येतं, किंवा तेही नाही.

बॅटरी नुसती रिकामी झाली असती तर पुन्हा भरता आली असती, पण ती रिकामी पडून राहिली की खराब होते. नेहमीच्या शिशाच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि पूर्ण भरलेली, निवांत पडलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ आटोपलेली. वीज वापरली जाताना पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट जमतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळतं. आठवडे गेले तर त्याचे टणक खडे होतात आणि मग ते चार्जरला दाद देत नाहीत. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली, तेव्हापासून तिचा हा स्वभाव आहे. वर कोट्यवधींची गाडी असली म्हणून तो बदललेला नाही.

पूर्वी बॅटरी उतरली तरी अब्रू जात नसे. कॅडिलॅकनं १९१२ मध्ये विजेचा सेल्फ आणला, तरी त्यानंतर कितीतरी वर्षं फियाट आणि अँबेसिडरच्या डिकीत हँडल असे. हँडल नसेल तर धक्का होताच. त्यामुळे गाडी उतारावर तोंड करून लावणं हे घाटमाथ्यावरच्या माणसाचं शहाणपण मानलं जाई. आजच्या बहुतेक स्पोर्ट्‌स कार ऑटोमॅटिक किंवा दोन क्लचच्या गिअरबॉक्सच्या असतात. त्या धक्क्यानं सुरू होत नाहीत. बॅटरी मेल्यावर पार्किंगचं कुलूप सुटत नाही, म्हणून त्या ढकलताही येत नाहीत.

काही गाड्यांत तर बॅटरीपर्यंत पोचणंच अवघड. पोर्शच्या ९११ मध्ये इंजिन मागे आणि बॅटरी पुढच्या डिकीत असते. अनेक मॉडेलांमध्ये ती डिकी उघडते विजेच्या खटक्यानं. म्हणजे बॅटरी चार्ज करायला डिकी उघडायला हवी आणि डिकी उघडायला बॅटरी चार्ज असायला हवी. कंपनीनं यावर तोड ठेवली आहे: ड्रायव्हरच्या पायाशी असलेल्या फ्यूजच्या डब्यातून एक लाल टोक बाहेर ओढायचं, त्याला दुसऱ्या बॅटरीची धन वायर लावायची आणि ऋण वायर दाराच्या लोखंडी अडकणीला. मग डिकी उघडते, पण त्याआधी अलार्म जागा होतो आणि अख्ख्या गल्लीला चोरी झाल्याचं कळवतो. आसपासच्या बंगल्यांचे राखणदार, माळी आणि दूधवाला जमतात. प्रत्येकाकडे एक उपाय असतो आणि बहुतेकांचा उपाय धक्का हाच असतो. शेवटी कामाला येते ती कुणाची तरी जुनी बोलेरो आणि तिच्या सीटखालच्या जंपर केबल.

बॅटरी जगवण्याचे जे घरगुती उपाय या भागात चालतात, त्यांत सर्वांत लोकप्रिय म्हणजे राखणदाराला दर रविवारी गाडी दहा मिनिटं सुरू ठेवायला सांगणं. पाचशे अश्वशक्तीच्या यंत्राला दहा मिनिटं जागच्या जागी घुरघुरवण्यात राखणदाराला आनंद होतो, बॅटरीचं फारसं भलं होत नाही. शिशाची बॅटरी शेवटचा हिस्सा घोटाघोटानं पिते. तिला पोटभर व्हायला तास लागतात. शिवाय इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तेल बिघडतं.

दुसरा उपाय दहा नंबरच्या पान्यानं ऋण टर्मिनल सोडवून ठेवण्याचा. हा जुन्या गाड्यांना उत्तम. नव्या गाड्या मात्र जोडणी होताच स्मृतिभ्रंश झाल्यासारख्या वागतात: रेडिओ कोड मागतो, काचा आपली जागा विसरतात. काही गाड्यांत अलार्मच्या भोंग्याला स्वतःची छोटी बॅटरी असते, ती मोठी बॅटरी सुटताच किंचाळते. तिसरा उपाय खिडकीत ठेवायच्या सौर पट्टीचा. तो राजस्थानात चालावा. आषाढातल्या लोणावळ्यात सूर्य हा ऐकीव विषय असतो, आणि त्यातून गाडीवर खोळ.

खरा उपाय एकच आणि तो अगदी साधा आहे: बॅटरी मेंटेनर. हा पावशेर वजनाचा डबा बॅटरीला सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत भरतो, मग मागे सरून १३.५ च्या आसपास धरून ठेवतो. जुन्या पद्धतीचा साधा चार्जर कायम जोडून ठेवला तर तो भरलेल्या ताटात वाढतच राहणाऱ्या यजमानासारखा वागतो. बॅटरीतलं पाणी आटतं आणि हायड्रोजन सुटतो. मेंटेनरला थांबायचं कळतं. बॅटरीचा प्रकार पाहूनच तो घ्यावा. पोर्शनं २००९ मध्ये ९११ जीटी३ साठी नेहमीच्या बॅटरीपेक्षा दहा किलोहून अधिक हलक्या लिथियम बॅटरीचा पर्याय जाहीर केला. अशा बॅटरीला शिशाच्या बॅटरीचा सल्फेट झाडणारा चार्जर लावू नये. (वाचवलेले दहा किलो मालक परतताना चिक्कीच्या पुड्यांनी भरून काढतो, हा भाग निराळा.) टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर दिसली तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन, पुसून वर व्हॅसलीन लावावं, इथल्या दमट हवेत ती हटकून येते.

इथवर सगळं सोपं. अडचण येते ती पॉइंटची. शेडमध्ये एकच सॉकेट असतं आणि त्यावर पाण्याची मोटर, राखणदाराचा मोबाइल आणि कधी कधी इस्त्री यांचा पूर्वापार हक्क असतो. मेंटेनरचा दिवा हिरवा झाला म्हणजे काम संपलं, असं समजून प्लग काढणारा माणूस वाईट नसतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं. दुसरी अडचण विजेची. वलवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली उतरवून टाटांच्या खोपोलीच्या केंद्रात १९१५ पासून वीज तयार होते आणि ती मुंबईला जाते. म्हणजे ज्या पावसामुळे गाडी लोणावळ्यात अडकते, त्याच पावसावर मालकाच्या मुंबईतल्या घरचे दिवे लागतात. इथं मात्र वादळात तारेवर झाड पडलं की अंधार. म्हणून वीज परत आल्यावर बटण न दाबता आपोआप सुरू होणारा मेंटेनरच घ्यावा. स्वस्तातले काही डबे वीज गेली की कायमचे रुसतात आणि ते महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हा जूनच्या आधी शेडमध्ये मेंटेनरसाठी वेगळा पॉइंट काढून घ्यावा, त्याला अर्थिंग आहे ना हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं आणि वर ठळक मराठीत ‘हा प्लग काढू नये’ अशी पाटी लावावी. दसऱ्याला गाडी बाहेर काढताना मात्र तो आठवणीनं काढावा.