बांधावरची बोरं आणि साहेबाची बरणी

इंग्लंडात शेतांच्या कडेनं ब्लॅकथॉर्न नावाची काटेरी झुडपं असतात. त्यांना लहान, निळीकाळी, खाल्ल्यावर तोंड वाकडं करणारी 'स्लो' नावाची फळं लागतात. थंडी पडली की ती वेचायची, टोचायची, साखर घालून जिनमध्ये बुडवायची, बरणी अधूनमधून हलवायची आणि तीनेक महिन्यांनी गाळायची. झाली स्लो जिन. युरोपच्या नियमांप्रमाणे तिच्यात किमान 25 टक्के अल्कोहोल लागतं. जुन्या लोकांचा दंडक असा, की फळं टोचायची ती त्याच झाडाच्या काट्यानं.

हे वाचून प्रस्तुत लेखकाला अंबाजोगाईजवळचा आपला बांध आठवला. काट्यांच्या बाबतीत बीड जिल्हा कुणाला हार जाणारा नाही. बोराटीच्या काट्यांची तर जोडी असते, एक सरळ आणि एक आकडा. सरळ काटा टोचतो, आकडा सदरा धरून ठेवतो, म्हणजे गुन्हेगार पळू नये. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण त्याचा मान बालाघाटाच्या डोंगरावर. बांधावरचा मान बोराचाच.

संक्रांतीच्या आसपास लेखकानं दोन शेर गावरान बोरं वेचली, ओसरीवर पाट मांडला आणि बोराटीच्या काट्यानं एकेक बोर टोचायला घेतलं. चाळिसाव्या बोराला शेजारचे तात्या आले. बराच वेळ बघत उभे राहिले.

"बोरांना इंजेक्शन द्यायलाव काय?"

लेखकानं इंग्लंडपासून सगळं समजावून सांगितलं. तात्यांनी एक टोचलेलं बोर तोंडात टाकलं, बी अंगणात थुंकली आणि म्हणाले, "आधी वकिलाला इचारा."

वकील मित्रानं फोनवर फार वेळ घेतला नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी अधिनियम आहे, परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, आणि प्यायलासुद्धा परवाना लागतो, हे त्यानं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाला, "बरणी तू भर, जामीन मी भरतो."

गंमत अशी, की मुंबई राज्यानं हा कायदा केला तेव्हा बीड मुंबईत नव्हतंच, हैदराबाद राज्यात होतं. पण म्हणून इथे मोकळं रान होतं असं नाही. निजामाच्या तिजोरीत शिंदीच्या अबकारीचा पैसा खळखळत जायचा. तो आटवायचा म्हणून मुक्तिसंग्रामात सत्याग्रहींनी कुऱ्हाडी घेऊन शिंदीची झाडंच आडवी केली. ज्या मुलखात स्वातंत्र्यासाठी शिंदी तोडली, तिथे बोराची जिन काढायला निघणं म्हणजे जरा जास्तच झालं.

मग साहेबाच्या बरणीला आपल्याकडे जोड नाहीच का? आहे की, माजघरातल्या फडताळात. द्राक्षासव घ्या, नाहीतर जांभळाचं जांबवासव. फळं, गूळ, पाणी आणि धायटीची फुलं. या फुलांबरोबर येणारं किण्व गुळाचं अल्कोहोल करतं. बाटलीवर बारीक अक्षरांत ते छापलेलंही असतं, 5 ते 10 टक्के, 'स्वयंजनित'. म्हणजे कुणी घातलं नाही, आपलं आपणच झालं! जन्मात दारूच्या दुकानासमोरून न गेलेल्या लेखकाच्या आजी जेवणानंतर हे दोन चमचे समभाग पाण्यातून घेत, आणि पंधरा मिनिटांनी सुनांबद्दल चांगलं बोलू लागत. घरात सगळ्यांचा आयुर्वेदावर विश्वास होता.

सरकारचंही मन अलीकडे जरा विरघळलं आहे. 2022 साली मंत्रिमंडळानं काजूबोंडं आणि मोहफुलांच्या मद्याला 'विदेशी' मद्याचा दर्जा द्यायचं ठरवलं. मोह आपल्या रानातला, पण बाटलीत गेला की फॉरेन रिटर्न. बोराच्या नशिबी हा प्रवास कधी येईल ते येवो. तोवर करायचं काय, हा प्रश्न होता, कारण दोन शेर बोरं ओसरीवर भोकं पाडून तयार होती.

आईनं ती सुपात घालून पत्र्यावर वाळत टाकली. वाळल्यावर बिया काढून कुटली, त्यात गूळ, मीठ, तिखट आणि जिरं घातलं आणि जिनसाठी आणलेल्या काचेच्या बरणीत बोरकूट भरून ठेवलं. तात्या रोज चिमूटभर न्यायला येतात. टोचलेली बोरं न टोचलेल्या बोरांपेक्षा लवकर वाळतात, एवढा एकच शास्त्रीय निष्कर्ष या प्रयोगातून हाती आला आहे.