जरा कलून

वर जायचं म्हणजे सरळ वर जायचं, याबद्दल आपल्या मध्यमवर्गात दुमत नाही. चौथीची स्कॉलरशिप, सातवीची स्कॉलरशिप, दहावी, बारावी, इंजिनिअरिंग. दर टप्प्याला रिकामं झालेलं नळकांडं गळून पडतं आणि पुढचं पेटतं. माझं प्रक्षेपण आईने स्वतः केलं. ती कराडजवळच्या एका शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे आकडेमोड चोख होती आणि थ्रॉटल शंभर टक्क्यांच्या खाली कधी आला नाही. एवढ्या जोराने वर गेलेला मुलगा ऑकलंडच्या माउंट रॉस्किलमध्ये दर शनिवारी गवत कापत का हिंडतो, हे कोडं मात्र तिला सुटलं नव्हतं. यंदा ती व्हिजिटर व्हिसावर इकडे आली. विमानतळावर मेतकुटाची पुडी जैवसुरक्षावाल्या साहेबापुढे मांडली, त्याला कृती सांगितली, पुडी सोडवून घेतली. जरा स्थिरस्थावर झाल्यावर नातीशेजारी खुर्ची ओढून ती अवकाशमोहिमांच्या कामाला लागली.

नात जो गेम खेळते त्याचं नाव कर्बल स्पेस प्रोग्रॅम. २०११ साली तो मेक्सिकोतल्या स्क्वाड या कंपनीने काढला. स्क्वाडचा मूळ धंदा मार्केटिंगचा. त्यांचा एक ब्राझिलियन प्रोग्रॅमर, फेलिपे फलांगे, गेम करायचा म्हणून नोकरी सोडायला निघाला, तेव्हा मालकांनी त्याला तो तिथेच करायला सांगितला. हा फलांगे लहानपणी फटाक्यांच्या बाणांवर चंदेरी कागदाची माणसं बसवून उडवायचा आणि त्यांना कर्बल म्हणायचा. आमच्या पिढीने दिवाळीत बाटलीत बाण ठेवून शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेमका सोडला, पण त्यावर माणूस बसवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिथेच आपण मागे पडलो. गेममधले कर्बल हिरवे, मोठ्या डोक्याचे आणि कमालीचे भाबडे असतात. तुम्ही कसलंही रॉकेट जोडा, ते आत जाऊन बसतात. जेबेडाया नावाचा तर मरणाच्या दारातही हसत असतो. आईला तो पहिल्या नजरेत आवडला. "शेवटच्या बाकावरचा आहे, पण मनाने चांगला," असं तिने त्याचं प्रगतिपुस्तक भरून टाकलं.

पहिलं उड्डाण आईच्या देखरेखीखाली झालं. "पूर्ण दाब. आणि नाकासमोर जा, इकडेतिकडे बघू नकोस." रॉकेट नाकासमोर गेलं. कर्बलांच्या ग्रहाचं वातावरण सत्तर किलोमीटरवर संपतं. ते ओलांडून रॉकेट शंभराच्याही पुढे गेलं, बाहेर काळंभोर आकाश दिसू लागलं, आणि आईने चष्मा काढून पुसला. चष्मा परत लावेपर्यंत रॉकेट खाली निघालेलं होतं.

"वर पोचलं होतं की! खाली का आलं?"

"कारण ते फक्त वर गेलं, आजी."

या वाक्यावर घरात पुष्कळ चर्चा झाली. उंची गाठणं आणि कक्षेत जाणं या वेगळ्याच गोष्टी आहेत. कक्षेत असलेली वस्तूही पडतच असते. फक्त ती आडवी इतक्या वेगाने पळत असते, की पडेपर्यंत खालची जमीन गोलाईने वाकून बाजूला झालेली असते. न्यूटनने डोंगरावरून आडवी तोफ डागून हेच दाखवलं, अर्थात कागदावर. पृथ्वीजवळ हा आडवा वेग सेकंदाला जवळजवळ पावणेआठ किलोमीटर लागतो, म्हणजे ताशी अठ्ठावीस हजार. कर्बलांचा ग्रह चिमुकला, तिथे सेकंदाला सव्वादोन किलोमीटरवर भागतं. आईने पेन्सिल मागितली आणि वाणसामानाच्या यादीच्या मागे आकडेमोड केली. उत्तर बरोबर आलं, याचाच तिला राग आला.

तेव्हा मी तिला माहियाची गोष्ट सांगितली. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर माहिया नावाचं द्वीपकल्प आहे. पुढे पॅसिफिक, मागे कुरणं आणि मेंढ्या. तिथून रॉकेट लॅब ही कंपनी आपली इलेक्ट्रॉन रॉकेटं सोडते. अठरा मीटर उंचीचं सडपातळ रॉकेट, तळाशी नऊ इंजिनं, आणि इंजिनाचं नाव रदरफर्ड, म्हणजे इथल्या शंभर डॉलरच्या नोटेवर बसलेले शास्त्रज्ञ. २५ मे २०१७ ला पहिलं इलेक्ट्रॉन उडालं आणि २२४ किलोमीटरपर्यंत चढलं. तिथे ते थांबवावं लागलं. रॉकेट ठणठणीत होतं, पण जमिनीवरच्या एका यंत्रणेची जुळणी चुकल्याने माहिती येणं तुटलं आणि नियमाप्रमाणे उड्डाण मोडून टाकावं लागलं. अवकाश गाठलं, कक्षा नाही. उड्डाणाचं नावच मुळी "ही चाचणी आहे" असं होतं. पुढच्या उड्डाणाचं नाव ठेवलं "अजून चाचणीच", आणि २१ जानेवारी २०१८ ला ते कक्षेत पोचलं. आपल्याकडे अशी नावं ठेवायची कुणाची छाती होणार नाही. आपल्याकडे पहिल्याच उड्डाणाला गगन, विजय नाहीतर शौर्य लागतं.

या कंपनीचे संस्थापक पीटर बेक इन्व्हरकार्गिलचे. विद्यापीठाची पदवी नाही. फ्रिज-वॉशिंग मशीनच्या कारखान्यात उमेदवारी करता करता त्यांनी रॉकेटवर चालणारी सायकल बनवली. आई ऐकत होती, पण पदवी नाही म्हटल्यावर तिचा एक कान बंद झाला. मग मी टोपीचं सांगितलं. मोठं रॉकेट करणार नाही, वापरलेलं परत आणणार नाही, केलंच तर टोपी खाईन, असं बेक म्हणत असत. दोन्ही करायची वेळ आली तेव्हा २०२१ मध्ये त्यांनी कॅमेऱ्यासमोर आपली टोपी मिक्सरमध्ये फिरवली आणि थोडी खाल्लीही. आईचा दुसरा कान उघडला. "मिक्सरचं पातं गेलं असेल," ती म्हणाली.

आता नातीची पद्धत. ही मुलगी न्यूझीलंडात वाढली आहे, तिला कसलीच घाई नसते. ती रॉकेटला वजनाच्या दीडपट जोर देते, त्याहून जास्त नाही. खालच्या दाट हवेत उगाच जोर लावला तर तो हवेशी भांडण्यात जातो. वेग सेकंदाला शंभर मीटर झाला की ती नाक पूर्वेला पाचेक अंश कलवते. पूर्वेला अशासाठी, की ग्रह स्वतः तिकडे फिरतोय, त्याचा वेग फुकटात मिळतो. आणि पाचच अंश अशासाठी, की दाट हवेत एकदम मान वळवली तर रॉकेट कोलांटी खातं. एवढं करून ती हात मागे घेते! पुढचं वळण गुरुत्वाकर्षण देतं. दहा किलोमीटरवर रॉकेट पंचेचाळीस अंशांत तिरपं झालेलं असतं, मग आणखी, आणखी, जवळजवळ आडवं. जे खाली खेचतंय त्याच्याकडूनच सुकाणू धरून घ्यायचं, असा हा कारभार. याला ग्रॅव्हिटी टर्न म्हणतात आणि खरी रॉकेटंही जातात ती अशीच.

आईला हे बघवत नव्हतं. "वाकडं चाललंय ते! सरळ कर!" नात म्हणाली, "ऑल गुड, आजी." पण खरा प्रसंग पुढेच होता. अपभू, म्हणजे मार्गातला सर्वांत उंच बिंदू, ऐंशी किलोमीटरवर गेल्याबरोबर नातीने इंजिन बंद केलं आणि ती चहात बिस्कीट बुडवू लागली.

"बंद का केलंस?"

"आता काही करायचं नाही. वर जाईपर्यंत थांबायचं."

काहीही न करता थांबणं हा प्रकार आमच्या घराण्यात कुणी केलेला नाही. आई उठली, बसली, पुन्हा उठली, ओट्यावरची भांडी आवरून आली. जेबेडाया हसत होता. मग त्या सर्वांत उंच बिंदूवर नातीने नाक पूर्ण आडवं धरून इंजिन थोडंसं पेटवलं. मार्गाची खालची बाजू हळूहळू फुगत जमिनीतून वर आली आणि वर्तुळ पुरं झालं. ना धूर, ना धक्का. इलेक्ट्रॉनमध्येही शेवटची अशी हळुवार ढकल द्यायला क्युरी नावाचं एक चिमुकलं इंजिन असतं.

"पोचलं?" आईने विचारलं. "मग आवाज कसा नाही झाला?"

ऑकलंडमध्येच रॉकेटवर्क्स नावाची गेम कंपनी आहे. तिचे संस्थापक डीन हॉल २०१३ मध्ये एव्हरेस्ट चढून आले आहेत, म्हणजे वर जायचा पायी मार्गही त्यांनी करून पाहिला आहे. ते आता असाच नवा गेम करताहेत, किटन स्पेस एजन्सी; त्यात कर्बलांऐवजी मांजरांची पिल्लं अवकाशात जातात. आईचा याला तात्त्विक विरोध आहे. मांजर पाटावरून उठायला तयार होत नाही, ते रॉकेटमध्ये काय बसणार, असं तिचं म्हणणं.

जेबेडायाला खाली आणायला इंधन उरलं नव्हतं. या गेममध्ये कर्बलांना अन्नपाणी लागत नाही, ते वर्षानुवर्षं फिरू शकतात, हे सांगून आईचं समाधान झालं नाही. जेवणाच्या वेळी कुणी बाहेर असणं तिला चालत नाही. तेव्हा सुटकेची मोहीम ठरली. त्यातही एक नियम आडवा आला: कक्षेत पुढच्याला गाठायचं तर वेग कमी करायचा. वेग कमी केला की आपण खालच्या कक्षेत येतो, तिथली फेरी छोटी आणि चाल जलद, आणि मग पुढचा आपसूक गाठला जातो. आईने ही गोष्ट पेन्सिलीने तीनदा तपासली आणि "असं असेल तर शाळेत मी काय शिकवलं?" एवढंच विचारून स्वतः कीबोर्ड पुढे ओढला.

सुटकेचं यान तिने चढवलं. दीडपट जोर, पाच अंश पूर्वेला, आणि हात मांडीवर घट्ट एकमेकांत अडकवलेले. इंजिन बंद झाल्यावर तिने डोळे मिटून कसलंसं स्तोत्र पुटपुटलं, पण बटणाला हात लावला नाही. वर्तुळ पुरं झालं. वेग कमी करून जेबेडायाला गाठला. दोन्ही यानं शेजारी शेजारी उभी राहिली, दोघांची तोंडं खिडकीतून दिसू लागली, आणि मगच लक्षात आलं की सुटकेच्या यानात खुर्ची एकच होती आणि गेमने सवयीप्रमाणे तिच्यावर एक चालक बसवून पाठवला होता.

"असू दे," आई म्हणाली. "निदान सोबत तरी झाली."