गोंगाटाचे जाणकार

सॅन फ्रान्सिस्कोच्या डेड केनेडीज या पंक बँडचा 'फ्रेश फ्रूट फॉर रॉटिंग व्हेजिटेबल्स' हा अल्बम १९८० साली आला, तेव्हापासून श्रोत्यांची मतं काही जुळत नाहीत. पहिल्याच गाण्यात न्यूट्रॉन बॉम्ब टाकून गरीबच संपवायची योजना मोठ्या उत्साहात मांडलीय: माणसं साफ, इमारती शाबूत. एक म्हणतो, नुसता कलकलाट, शब्द कळत नाहीत. दुसऱ्याला शब्द कळलेत, खोच नाही. तो गरिबांच्या वतीनं दुखावलाय. तिसऱ्याला सगळंच कळलंय. मुखपृष्ठावर १९७९च्या दंगलीत पेटलेल्या पोलीस गाड्या आहेत. त्याला त्यातली 'प्रकाशयोजना' भावते. शिवाय एक जुनाजाणता असतोच. रेकॉर्डिंग जरा जास्तच स्वच्छ झालंय, ही त्याची खंत.

गायक जेलो बियाफ्रा १९७९मध्ये तिथल्या महापौरपदालाही उभा होता. उद्योजकांनी शहरात विदूषकाच्या पोशाखात फिरावं, हा त्याच्या जाहीरनाम्यातला मुद्दा. हजारो मतं घेऊन गडी चौथा आला. थोडक्यात, मतदारांना विनोद कळतो. अडचण रसिकांची आहे.