मायक्रॉनकाका किनाऱ्यावर

मायक्रॉनकाकांच्या सॅकमध्ये गव्हाच्या पिठाच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या असतात, हे नाशिक फाट्याच्या मेट्रो स्टेशनवरच्या सिक्युरिटीवाल्याला आता पाठ झालंय. डिसेंबर लागला की काका ते पीठ पाठीवर घेऊन स्टेशनचा जिना चढतात आणि उतरतात. मेट्रोत बसत नाहीत. ही प्रॅक्टिस, कोकण किनारा पायी चालायची. रेवस ते रेडी सगळा किनारा त्यांना चालायचाय, पण रजा मोजक्या. म्हणून घराच्या कर्जासारखा तोही हप्त्याहप्त्यानं फेडणं चाललंय. उरलेल्या सीएल ३१ डिसेंबरला लॅप्स होतात, त्यामुळे हप्ता थंडीतच पडतो.

काका भोसरी एमआयडीसीत क्वालिटीला आहेत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागावरून जॉब रिजेक्ट करण्यात उमर गेली, तेव्हा हे नाव पडलं. कंपनीचा वीट आला की माणूस समुद्रावर जातो, अशी माझी भाबडी समजूत होती. काका अख्खं डिपार्टमेंट सॅकमध्ये भरून नेतात. प्रत्येक वस्तू डिजिटल काट्यावर चढते, वजन एक्सेलमध्ये उतरतं. टूथब्रशची दांडी हॅकसॉनं निम्मी केलेली. टॉवेल म्हणजे टॉवेलचा चतकोर. एवढं करून वाचवलेले ग्रॅम काकू निघायच्या रात्री व्याजासकट परत करतात: दोन किलो चिवडा आणि वर लाडवांचा डबा. काकूंचा माल मात्र इन्स्पेक्शनशिवाय पास होतो. संसार असाच टिकतो म्हणा.

शिवाय स्लीपिंग बॅग. उणे पाच अंशांतही ऊब देणारी! कोकणच्या किनाऱ्यावर थंडी ती केवढी? पंखा पाचावरून तीनवर आणण्याइतकी. वल्लभनगर आगारात एसटीचा कंडक्टर सॅककडे बघत सामानाचं तिकीट फाडावं का याचा विचार करतो आणि विचारतो, "काका, हिमालय का?"

"आंजर्ले," काका गंभीरपणे सांगतात.

मागच्या हप्त्याला केळशी ते दाभोळ होतं, आणि मीही होतो. आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, कोळथरे. नावं वाचायला सोपी आहेत. कोरड्या वाळूत पाऊल रुततं, पुढं टाकावं तेवढं मागं येतं. ओहोटी लागली की ओल्या वाळूवरून डांबरी रस्त्यासारखं चालता येतं. भरतीला मात्र डोंगराची सोंड पाण्यात शिरलेली असते, तिथं वळसाच. म्हणून काकांचा भरती-ओहोटीचा तक्ता, लॅमिनेट केलेला, गळ्यात. गावातल्या बाया मात्र आम्हाला बघून एकच विचारत, "गाडी चुकली काय?" एसटी दारात असताना पायी चालणाऱ्या माणसाचं दुसरं कारण त्यांना सुचत नसे.

पाडल्याला एका अंगणात पाणी मागायला थांबलो. म्हातारबुवा सुपारी सोलत होते. काकांनी तक्ता बघून जाहीर केलं, "भरती चार सतराला." बुवांनी बोटांवर काहीतरी केलं. "आज षष्ठी. साडेचारला."

काका चपापले. मग हिशेब कळला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. सहाचे पाऊणपट साडेचार, अष्टमीला सहा. दर्यावर जाणारी माणसं पिढ्यान् पिढ्या हे बोटांवर करत आलीत, कारण चंद्रामुळे भरती रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते. काकांचा चेहरा जॉब नापास करतानाचा झाला. "आजोबा, तेरा मिनिटांचा फरक येतोय."

"मग तेरा मिनिटं बसा की," बुवा म्हणाले, "तोवर चहा होईल."

काका बसले. चहा होऊन दुसरा आला, पोहे आले. लाटेनं दगडावरची पांढरी रेघ नक्की कधी गाठली, हे त्या दिवशी कोणीच टिपलं नाही. तक्त्यात त्या रकान्यापुढं काकांनी पेन्सिलीनं 'ओके' लिहिलंय. ऑडिटला चालणार नाही, पण कोणी विचारणार नाही.

हर्णैच्या बंदरावर मात्र त्यांचा तोल सुटला. संध्याकाळचा मासळीचा लिलाव चालू होता. होड्यांतून पाट्या उतरत होत्या, ओरडाआरडा, काटा नाही, कागद नाही. नजरेनं ढीग बघून भाव! काका बराच वेळ थिजून उभे. "कॅलिब्रेशन कोण करतं यांचं?" मला विचारलं. मी कोळणीकडे बोट दाखवलं. त्यांनी जाऊन तिला खरोखर विचारलं, आणि परत आले ते पाच किलो सुके बोंबील आणि दोन किलो सुकट घेऊन. तिनं त्यांच्यात काय कॅलिब्रेट केलं, देव जाणे.

एवढा वास एसटीत न्यायचा कसा? काकांनी सॅक उघडली, स्लीपिंग बॅग पसरली, बोंबील आत, वरपर्यंत चेन. दाभोळपासून कासारवाडीपर्यंत कोणाला पत्ता लागला नाही. उणे पाचची बॅग पहिल्यांदा सार्थकी लागली, हे त्यांनी कायझेन म्हणून एक्सेलमध्ये नोंदवलंही. ती आता काकूंनी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वाळत टाकलीय, आणि सोसायटीतली चार मांजरं खाली शिफ्ट लावून बसलीत.