जुनी ढोली आधी कशाला मोडली?

बायबलमधला तो मूर्ख श्रीमंत शेतकरी गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या कुरखेड्यात आणून ठेवला, तर त्याला कोणी मूर्ख म्हणणार नाही. उलट सोसायटीच्या निवडणुकीत बिनविरोध निवडून देतील. लूकच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायातला हा गृहस्थ. पीक रगड आलं, ठेवायला जागा पुरेना. तेव्हा त्याने ठरवलं, जुनी कोठारं पाडायची, मोठी बांधायची आणि मग कैक वर्षं खाऊन-पिऊन लोळत पडायचं. त्याच रात्री देवाने त्याला मूर्ख म्हटलं आणि त्याचा जीव मागितला.

मी नगरकडचा. लहानपणी देवळात हा दाखला ऐकताना त्याचं काही वाटत नसे, कारण पीक ठेवायला जागा पुरत नाही ही अडचण आमच्याकडे कोणी पाहिलेलीच नव्हती. मास्तरकीने मला झाडीपट्टीत, धानाच्या मुलखात आणून टाकलं आणि दाखला एकदम अंगावर आला. इथे दिवाळीनंतर ज्याच्या त्याच्या तोंडी कोठाराचीच भाषा. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली ढोली घरात असली की माणूस जरा ताठ चालतो. ज्याचं धान खरेदी केंद्राच्या आवारात ताडपत्रीखाली पडलेलं असतं, तो मात्र आभाळाकडे बघत चालतो.

कुरखेड्यात आमची ख्रिस्ती घरं मोजकीच. रविवारची उपासना कोणाच्या तरी ओसरीवर होते आणि नंतर चहा. त्या चहाला शेजारचे काका न चुकता हजर. धर्म त्यांचा वेगळा, चहा एकच. एका रविवारी मी त्यांना या मूर्ख श्रीमंताची गोष्ट सांगितली. त्यांनी बशी खाली ठेवली.

"आधी पाडला का जी थो कोठार? मंग नवा होईपर्यंत धान ठेवला कुठी?"

याचं उत्तर लूकने दिलेलं नाही.

"पह्यले नवी ढोली बांधाची, मंग जुनी मोडाची. येवढं बी समजत नाही, तं देव मूर्खच म्हनन ना जी, मास्तर!" मग बशी पुन्हा उचलून म्हणाले, "अन रोवन्याची मजुरी देल्ली का त्यानं?"

रात्री मी अध्याय पुन्हा काढला. मजुरीचा उल्लेख नाही. मजुरांचाच नाही. बायको नाही, पोरं नाहीत, शेजारी नाही. तो गडी सगळं बोलणं स्वतःशीच करतो. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. ज्याने एकदा रोवणी पाहिली आहे, त्याला हे वाचताना हसू येईल. भर पावसात घोटाभर चिखलात बाया ओळीने वाकलेल्या असतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची जुडी, उजवा हात शिवणयंत्राच्या सुईसारखा खालीवर, आणि पाठ संध्याकाळपर्यंत सरळ होत नाही. पुढे कापणी, बांधणी, चुरणी आहेच. इतक्या हातांमधून आलेलं धान एकट्याच्या ढोलीत पडतं आणि ढोलीचा मालक म्हणतो, माझं! देवाने त्याला मूर्ख म्हटलं ते कोठारासाठी नक्कीच नाही. कोठार बांधणं हे पाप असतं, तर अख्खी झाडीपट्टी नरकात गेली असती आणि तिथेही तिने धानच लावलं असतं.

मूर्खांची गणती करणं हा मराठी माणसाचा जुना छंद. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवातच मूर्खलक्षणांनी केली आणि दहाव्या समासात पढतमूर्खाला वेगळी खोली दिली. शिक्षकाने तो समास एकट्याने वाचावा, वर्गात वाचू नये. शलमोनाची नीतिसूत्रेही त्याच घराण्यातली. आळशा, मुंगीकडे जा आणि शहाणा हो, असा त्याचा सल्ला आहे. आमच्या जिल्ह्यात लोक मुंगीकडे जातात ते चटणीसाठी. तरीही शलमोन खोटा पडत नाही, कारण लाल मुंग्यांचं घरटं झाडावरून उतरवणं हे आळशाचं काम नव्हे.

पौलाचं काम मात्र आटोपशीर. इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो एका दमात सांगतो, की शहाण्यासारखं जपून वागा, वेळ वाया दवडू नका आणि द्राक्षारस पिऊन झिंगू नका. यातली शेवटची सूचना गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून सरकारनेच अंगावर घेतली आहे. इथे दारूबंदी आहे. पौलाने मोहाबद्दल मात्र अवाक्षर काढलेलं नाही, ही गोष्ट मला एका गृहस्थांनी वासासकट निदर्शनास आणून दिली.

वेळेचं काय करायचं, हा खरा पेच. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम उभा राहतो. वडसा हे त्याचं माहेर. गावात बैलांच्या शर्यतींचा शंकरपट किंवा मंडई भरली की रात्री नाटक ठरलेलं, आणि ते संपतं तेव्हा कोंबडं आरवत असतं. सुरू कधी होतं, ते विचारू नये. पौलाची आठवण ठेवून मी पहिल्या नाटकाला वेळेवर गेलो. मंडपात मी होतो आणि पेटीवाला होता. तोही झोपलेला.

त्या थंडीत मला दहा कुमारींचा दाखला उमगला. नवरदेव उशिरा आला, मध्यरात्री. पाच जणींकडे जादा तेल होतं, त्या शहाण्या. पाच जणींचे दिवे विझू लागले, त्या मूर्ख. पण मत्तयाने स्पष्ट लिहिलंय की वाट बघून दहाही जणींना झोप लागली होती. हे वाक्य आमचे पाळक जरा भरभर वाचतात. झाडीपट्टीचा प्रेक्षक या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होईल. दुपारीच चटई टाकून जागा धरतो, ब्लँकेट बरोबर आणतो, दोन अंकांमध्ये पडी टाकतो आणि खलनायक आला की बरोबर उठतो. फरक एवढाच, की बिनब्लँकेटचा कोणी आला तर "सरका जी" म्हणतात आणि एका ब्लँकेटात चौघं बसतात. मत्तयातल्या शहाण्या तेल द्यायला साफ नकार देतात आणि दुकानाचा रस्ता दाखवतात. मी पाळकांना विचारलं. ते म्हणाले, तेल म्हणजे अंतःकरणाची तयारी, ती उसनी मिळत नसते. पटलं. तरी त्या पाच शहाण्यांशेजारी बसून नाटक बघायची माझी तयारी नाही.

बायबलमधल्या रेतीवर घर बांधणाऱ्या मूर्खाबद्दल इथे बोलू नये. रेतीवर तीन-तीन मजले चढवलेले लोक माझ्या पाहण्यात आहेत, आणि एकही मजला खचलेला नाही.

जगाने मूर्ख ठरवावा असा एक माणूस मात्र आमच्याच शेजारून गेलेला आहे. कोरचीच्या पुढे छत्तीसगड लागतं आणि त्या अंगाला राजनांदगाव. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळकांना एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोतावळा तुटला, बायको काही वर्षं दूर राहिली. त्या काळच्या कोणत्याही शहाण्या माणसाने हा हिशेब आतबट्ट्याचाच ठरवला असता. त्यांच्या हातात पैसा कसा ठरत नसे, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये जागोजागी लिहून ठेवलंय, तेही हसत हसत. त्या घरात ढोली भरलेली राहणं शक्यच नव्हतं. भरली असती तर दुपारपर्यंत कोणाच्या तरी दारात रिकामी झाली असती. करिंथच्या मंडळीला पौलानेच लिहिलंय की जगाचं शहाणपण देवापुढे मूर्खपण ठरतं. हे वाक्य टिळकांना शोभतं. आमच्यासारख्यांनी पगाराच्या तारखेला ते वापरू नये.

पण देवासाठी वेडं होणं वेगळं आणि नाल्यात उतरणं वेगळं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने तिथे कॉलेज आहे, ते केवढे व्यासंगी! दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांची गाणी उतरवून घेतली. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून ते एकटेच घोड्यावरून परतत होते. वाटेत नाला फुगलेला होता. त्यात ते बुडाले. पाणी पदवी विचारत नाही.

म्हणून वाचकहो, पावसाळ्यात आमच्याकडे येणार असाल तर जरूर या. मात्र नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी वाहत असेल तर मोटरसायकल घालू नका, मागचा कितीही हॉर्न वाजवो. अलीकडच्या टपरीवर चहा मिळतो. पाणी बहुधा सकाळपर्यंत उतरतं.